ताईची लोकर आणि ताईची वही

मैत्रिणींनो, थंडी पडू लागली की तुमची पत्रं विणकामाकडे वळतात. या वेळी एका भगिनीनं विचारलंय, "घरबसल्या स्वेटर विणून विकायचं मनात आहे. किंमत कशी ठरवू? आणि नातलगांकडून पैसे कसे घेऊ?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं मला सापडलं ते अमेरिकेत, ओहायो राज्यात, माझ्या मावसबहिणीच्या गोठ्यात.

ताई तिकडे जाऊन चाळीस वर्षं झाली. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिथे थँक्सगिव्हिंगचा सण असतो. आपल्या दिवाळीसारखी पांगलेली मुलंबाळं त्या दिवशी घरी येतात. गेल्या वर्षी मीही होते. सुनेनं टर्की भाजली. त्या सणाला भोपळ्याचं काहीतरी गोड लागतंच, तर ताईनं लाल भोपळ्याचे घारगे केले आणि जावयांनी मोजून सात खाल्ले!

जेवायला बसलेल्या प्रत्येकाच्या अंगात ताईच्या हातचं काही ना काही होतं. लोकरसुद्धा घरचीच, अल्पाकाची. हे उंटाच्या कुळातलं, पण मेंढीहून थोडं उंच, लांब मानेचं जनावर. मूळचं पेरू देशातल्या डोंगराळ भागातलं. स्वभावानं गरीब, गुणगुणल्यासारखा आवाज काढतं, रागावलं तर थुंकतं. सगळा कळप ठरल्या जागीच लेंड्या टाकतो, त्यामुळे झाडलोट सोपी. (एवढी शिस्त आपल्या घरातल्या मोज्यांना असती तर!)

भावोजींनी २००५ साली दोन गाभण माद्या घेतल्या. तेव्हा एकेक मादी नव्या मोटारीच्या किमतीला जात होती. १९८४ साली ही जनावरं व्यापारासाठी अमेरिकेत आली. पुढे १९९८ साली बाहेरून आणलेल्या जनावरांची नोंदणी बंद झाली आणि भाव चढतच गेले. पण कमाई लोकरीवर नव्हती, पिल्लं विकण्यावर होती. पिल्लू घेणाराही पुढे पिल्लंच विकणार! लोकरीच्या उत्पन्नात हे भाव बसत नाहीत, असं कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन अर्थतज्ज्ञांनी २००७ साली लिहिलं. थोड्याच वर्षांत भाव कोसळले. आपल्याकडे इमूपालनाचं असंच झालेलं तुम्हाला आठवत असेल.

भावोजी गेले, जनावरं राहिली. चौदा झाली होती. ताईचं वय अडुसष्ट. नखं कापायची, गवत-पाणी बघायचं. शिवाय त्या भागातल्या हरणांमुळे एक जंत पसरतो, तो मज्जारज्जूत शिरला तर जनावर कायमचं बसतं, म्हणून दर महिन्याला प्रत्येकाला इंजेक्शन. पिल्लू साडेअकरा महिन्यांनी होतं, त्या दिवसांत ताई घर सोडून कुठे जात नाही.

जेवणं झाल्यावर मुलगा म्हणाला, "आई, पुरे आता. सगळं विकून टाक आणि आमच्याकडे ये." बोलला प्रेमानंच. लेकीनंही मान डोलावली. ताई ताटं उचलून आत गेली.

रात्री गोठ्यात तिनं मला वही दाखवली. गवत, डॉक्टर, कातरणारा, सूत कातून देणारी गिरणी, सगळं पैशापैशानं लिहिलेलं. शेवटच्या पानांवर "घरी दिले" म्हणून एक यादी. एकतीस स्वेटर! पुढे रक्कम नाही, तासही नाहीत. मी विचारलं, "हे विकले असते तर?" ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तर गवताचं बिल मुलाला द्यावं लागलं नसतं. त्यालाही मग हा माझा छंद वाटला नसता."

सकाळी चहाच्या वेळी तिनं सगळ्यांना सांगितलं. माद्या विकायच्या, पिल्लं बंद. खच्ची केलेले चार नर ठेवायचे. लोकर त्यांचीही तेवढीच चांगली, आणि एकटं जनावर झुरतं म्हणून चार. नव्या बाळाला पहिला स्वेटर आजीचा, बाकी सगळ्यांना विकत. मुलाला हे पटलं असं मला वाटत नाही. सून मात्र हसून म्हणाली, "माझी ऑर्डर आत्ताच लिहा."

तर भगिनी, लोकरीचा खर्च लिहाल तशी आपल्या तासांचीही मजुरी लिहा, आणि ती वही घरातल्यांना दाखवा. ओळखीत सूट द्यायची तर द्या, पण किती दिली तेही लिहा.

आता अल्पाकाबद्दल. परदेशातून कुणी ही लोकर आणली तर एक लक्षात ठेवा. ती उबदार आणि मऊ खरी, पण मेंढीच्या लोकरीसारखा ताण तिला नाही. सैल विणलेला स्वेटर धुतल्यावर गुडघ्याकडे निघतो. नेहमीपेक्षा एक नंबर बारीक सुई घ्या, काठ दोन सुलट दोन उलट घट्ट विणा. थंड पाण्यात धुवा, पिळू नका, टॉवेलवर पसरून वाळवा. नमुना अमेरिकन असेल तर सुयांचे नंबर उलटे असतात: आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक, त्यांच्याकडे जाड. आपली ८ नंबरची म्हणजे त्यांची ६ नंबरची, ४ मिलिमीटरची.

निघताना मी ताईकडून दोन लड्या घेतल्या, करड्या रंगाच्या. पर्स उघडली तशी ती "अगं, तू कशाला" म्हणाली. मग थांबली, पैसे मोजून घेतले आणि वहीत माझं नाव लिहिलं.