पैसे घ्यायला पिन लागत नाही!



देवळाली कॅम्प म्हटले की तोफखान्याची शाळा आणि लष्करी शिस्त आठवते. छावणीच्या नावाला मान आहे. भामटे नेमका तोच मान वापरतात. फोन येतो, "छावणीतून बोलतोय. जवानांच्या मेससाठी वीस क्विंटल ज्वारी पाहिजे. तुमचा भाव मंजूर. पैसे आत्ताच घ्या. मोबाईलवर चौकोन पाठवलाय, तो स्कॅन करा आणि पिन टाका." पिन टाकला की पैसे येत नाहीत, जातात. हा धंदा देशभर चालतो. छावणीचे नाव तेवढे बदलते. लष्कराची खरेदी अशी होत नाही.

एवढे घरातल्या प्रत्येकाला पाठ करून द्या : पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो.

फसलेल्याला लोक म्हणतात, अडाणी, लोभी! हे आम्हाला मान्य नाही. ज्याचा कापूस दरसाल पडत्या भावात जातो, त्याला दारात गिऱ्हाईक आल्याचा आनंद होणारच. त्यात गुन्हा कसला? चोराला खोट्या नावाचे सिम कोणी दिले? पीककर्जाला सात-बारा, आठ-अ आणि दहा सह्या मागणारी बँक चोराचे खाते डोळे झाकून कशी उघडते? नुकसान यांनी भरून द्यावे, ही आमची मागणी आहे.

दुसरी तऱ्हा विक्रीची. "बोंडअळी येणारच नाही" असे सांगून फोनवर बियाणे, औषध गळ्यात मारतात. पार्सल येते, बिल येत नाही. जाहिरातीचा फोन 140 ने सुरू होणाऱ्या नंबरावरूनच यावा, असा नियम आहे. साध्या नंबरावरून आला तर 1909 वर तक्रार करा. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली दिला. 2019 च्या कायद्याप्रमाणे विक्रेता कुठलाही असो, तक्रार आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पण बिल नसेल तर दावा लंगडा पडतो. म्हणून बिलाशिवाय पुडके घेऊ नका.

आणि पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नका. त्याच घटकेला 1930 ला फोन लावा, बँकेला कळवा. उशीर झाला की पैसा दहा खात्यांत पांगतो. मग गावच्या बैठकीत उभे राहून सगळे सांगा. तुम्ही गप्प राहिलात, तर तोच फोन उद्या शेजाऱ्याच्या घरी वाजेल.