ओझरचं मिग, टेबलावर

26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला मिग-21 हवाई दलातून निवृत्त झालं. यातली कितीतरी विमानं नाशिकजवळच्या ओझरला घडली, म्हणून या छंद विशेषांकात मानाचं पान त्याच्या 1:72 प्रतिकृतीला.

आकार वीतभर, पण काम निगुतीचं. नाकाच्या शंकूत वजन भरायचं विसरलात तर विमान शेपटीवर बसलंच म्हणून समजा! चंदेरी रंग महाचुगलखोर, सांध्यावरचा केसाएवढा ओरखडाही लपवत नाही. तेव्हा आधी लांबी भरा, पॉलिश पेपरने घासा, मग प्रायमर. रंगाचे हात पातळच द्या. जाड थराखाली पत्र्याच्या जोडरेषा बुजतात. एअरब्रशवाचून अडत नाही, असं आमचं मत (जाणकार नाकं मुरडतील). तुमच्या मॉडेलचे फोटो जरूर पाठवा.