सफरीची शिल्लक

दूरच्या सायकल-सफरीला निघालेली मंडळी वाटेत कुठे रुसत असतील आणि कुठे फुटत असतील, याविषयी घरी बसलेल्यांचा तर्क बहुधा एखाद्या अवघड घाटापाशी किंवा उन्हाने भाजून काढलेल्या मुक्कामापाशी जाऊन थांबतो. परंतु पुण्याहून कन्याकुमारीपर्यंतचा सुमारे दीड हजार किलोमीटरांचा पल्ला मजल दरमजल करीत सायकलीवरून पुरा केल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की, मंडळीच्या ऐक्याची खरी परीक्षा होते ती तिरुनेलवेली मागे टाकल्यावर, म्हणजे कष्ट सरत आलेले असतात आणि कुणावाचून कुणाचे अडत नाही अशा शेवटच्या ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरांत.

सायकलस्वाराचा मुख्य वैरी चढ नव्हे, वारा. सपाट रस्त्यावर ताशी पंचवीस किलोमीटरांच्या वेगाने जाणाऱ्या माणसाची बहुतांश शक्ती समोरची हवा दूर लोटण्यातच खर्ची पडते, आणि पुढच्याच्या मागील चाकाशी दोन हातांचे अंतर राखून तो राहिला तर त्यातला पाव हिस्सा, क्वचित तिसरा हिस्साही वाचतो. चित्रदुर्गाच्या पुढच्या पठारावर पूर्वेकडून वाहणाऱ्या हिवाळी वाऱ्याने आमची जी दैना केली, तिच्यामुळे हे शास्त्र आम्हांला कोणत्याही व्याख्यानाविना पटले. दहा मिनिटे एकाने वारा झेलायचा, मग बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जायचे, अशी पाळी आपोआप लागली. आणि आयुष्यभर हाताखालच्या माणसांवर हुकूम सोडीत आलेले एक निवृत्त अधिकारी, गॅरेजात काम करणाऱ्या विशीतल्या पोराच्या पाठीआड निमूटपणे पेडल मारताना दिसू लागले. धर्मपुरी ओलांडल्यावर तोप्पूरच्या घाटात, मालाने भरलेल्या ट्रकांच्या गर्दीतून खाली उतरताना, एरवी चेष्टामस्करीत दंग असणारी आमची पोरेही ब्रेकवरची बोटे न काढता एकामागून एक अशी शिस्तीने उतरली. या साऱ्याला आम्ही स्नेह म्हणत होतो, आणि तो स्नेह नव्हता असे मी म्हणणार नाही. पण त्याच्या पोटात गरजेचा अंश किती मोठा होता, हे उमगायला ताम्रपर्णीचा पूल ओलांडावा लागला.

नद्यांचा उल्लेख आलाच आहे तर सांगून टाकतो. किलोमीटर मोजण्याचा कंटाळा आल्यावर आम्ही नद्या मोजू लागलो होतो. साताऱ्याच्या अलीकडची कृष्णा, कोल्हापूरची पंचगंगा, हरिहरची तुंगभद्रा, करूरच्या अलीकडची विस्तीर्ण पात्राची कावेरी, मदुरेची बहुतकरून कोरडी असलेली वैगई, आणि सर्वांत शेवटी तिरुनेलवेलीची ताम्रपर्णी, जिचा उगम आणि मुख ही दोन्ही तामिळ मुलखातच आहेत. तिच्यापुढे मोजण्याजोगी नदी आमच्या वाटेवर नव्हती, आणि मोजण्याजोगे काही उरले नाही की माणसांना घर आठवू लागते.

वळ्ळियूरला कॉफीसाठी थांबलो तेव्हा स्टीलच्या डबरा-टंबलरातील फेस खाली बसण्याच्या आत प्रत्येकाचा फोन बाहेर निघाला होता. कुणी रजेची मुदत वाढेल काय याची चौकशी करीत होता, कुणी परतीच्या तिकिटाची प्रतीक्षायादी पाहत होता, कुणाच्या घरी पाहुणे यायचे होते. ज्या मंडळीने इतके दिवस डाळभाताखेरीज अन्य विषयावर गंभीर चर्चा केली नव्हती, तिच्यात प्रत्येकाचे स्वतंत्र संस्थान पुन्हा स्थापन झाले. पुढे पणगुडीच्या बाजूला पवनचक्क्या दिसू लागल्या. मोसमी पावसाच्या महिन्यांत आरल्वायमोळीच्या खिंडीतून पश्चिमेचा वारा असा कोंडून निघतो की, मुप्पंदलच्या परिसरात देशातील सर्वांत मोठ्या पवनविद्युत्-केंद्रांपैकी एक उभे राहिले. पण आम्ही पडलो हिवाळ्यातले प्रवासी, म्हणून ती प्रचंड पाती आळसावल्यासारखी फिरत होती आणि जो काही वारा होता तो पाठीशी होता. पाठीशी वारा असला की रांगेचे प्रयोजन संपते. पोरे सुटली ती दिसेनाशीच झाली.

आमच्या पुढाऱ्यांचे फर्मान होते की, नागरकोविलचा फाटा फुटतो त्या कावलकिणरूपाशी सर्वांनी थांबावे आणि तेथून एकत्र कूच करावे. तेथे पोहोचलो तेव्हा निम्मी मंडळी गैरहजर, आणि त्यांनी समुद्रापाशी काढलेली छायाचित्रे आमच्या फोनवर हजर! मला राग आला नाही असे म्हटले तर ते असत्य होईल. मात्र गुडघेदुखीमुळे सर्वांच्या मागे राहिलेल्या आमच्यातल्या शिक्षिकाबाई, पंपाची पिशवी बाळगणाऱ्या शेवटच्या स्वारासह सावकाश येऊन पोहोचल्या आणि आमचे चेहरे पाहून म्हणाल्या, “अहो, तुम्ही पण व्हा पुढे. मला आता वाट चुकायला जमीनच कुठे उरलीय?” त्यावर कुणी पुढे गेले नाही, हे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

अशा प्रसंगी मला मुंबईच्या त्या पारशी तरुणांचे स्मरण होते. ऑक्टोबर १९२३ मध्ये सहा जण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, आणि मार्च १९२८ मध्ये सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून परत आले ते आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगारा असे तिघेच. उरलेले तिघे या ना त्या कारणाने गळाले, आणि त्यांतील एकाने तर अमेरिकेतच घर केले. लोक तिघांच्या पराक्रमाचे कौतुक करतात आणि ते यथायोग्यच आहे, पण मला कुतूहल आहे ते निराळ्याच गोष्टीचे. साडेचार वर्षे एकमेकांच्या चाकाकडे पाहत काढल्यानंतर मुंबई दृष्टिपथात आली, तेव्हा हे तिघे एका ओळीत चालत होते, की आमच्या पोरांसारखे त्यांच्यापैकीही कुणी पुढे निसटले?

कन्याकुमारीला आम्ही दिवस मावळण्याच्या सुमारास पोहोचलो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हा प्रदेश त्रावणकोर-कोचीनकडे होता, याची हकीकत ऐकण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हते, सबब ती मी मनातच ठेवली. समोरच्या १३३ फुटी तिरुवळ्ळुवरांकडे आणि शिलास्मारकाकडे पाहून झाल्यावर, सहकारी बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या खजिनदारांना आठवण झाली ती एकनाथजी रानड्यांची. अमरावती जिल्ह्यातल्या या गृहस्थाने देशभरच्या सामान्यांकडून एकेक रुपयाची वर्गणी जमवीत १९७० साली हे स्मारक उभे केले. तेवढ्यावरून काकांना आपली चोपडी काढण्याचे निमित्त मिळाले आणि रेल्वेच्या पार्सल कचेरीबाहेर, सायकलींना गोणपाट गुंडाळण्याचे काम चालू असतानाच, त्यांनी सर्वांना बोलावून जमाखर्च वाचून दाखविला. निसटलेली पोरेही तेथे होती, आणि ओशाळून म्हणा वा हौसेने म्हणा, सुतळ्या बांधण्यात तीच आघाडीवर होती.

खर्च वजा जाता शिल्लक थोडीच होती. माणशी वाटली तर प्रत्येकाच्या हाती एका कॉफीचे पैसे आले असते. वाटून मोकळे व्हावे असा बहुमताचा कौल पडत असताना तो गॅरेजातला पोरगा म्हणाला, “काका, वाटू नका. पैसे तुमच्याकडे राहिले म्हणजे आपल्याला पुन्हा भेटावंच लागेल.” खजिनदारांनी चष्मा कपाळावर सरकवला, मग शिल्लक न वाटल्यास दरसाल हिशेब सादर करण्याची जबाबदारी आपल्यावर येते व मंडळीने तो ऐकण्यास जातीने हजर राहावे लागेल, अशी हरकत रीतसर नोंदवली, कुणाची तक्रार नाही याची प्रत्येकाकडून खात्री करून घेतली, आणि ती रक्कम पुढील पानावर ओढली.