हाडं कुणी खायची?

जावळाच्या जेवणात हल्ली पोरं वाढप्याला सांगतात, "मामा, बोनलेस टाका." हाड दिसलं की ताट सरकवतात. मग मी म्हणतो, बाबांनो, बकऱ्याला हाडं असतातच, ती कुणी खायची?

आमच्याकडं आखाडात चार-पाच घरं मिळून बकरं घ्यायची. वाटे घातले जायचे. दर वाट्यात मांडीचा तुकडा, चाप, सीना, नळी, काळजाची फोड, थोडी वजडी. पैसा सारखा, म्हणून हाडही सारखं. "मला नुसती मांडी द्या" म्हणणाऱ्याला सगळ्यांनी हसून काढलं असतं, कारण त्याच्या वाटणीची हाडं दुसऱ्याच्या पिशवीत गेली असती. बोनलेसचा हट्ट म्हणजे दुसरं काय? जास्त पैसे मोजून आपली हाडं दुसऱ्याच्या वाट्याला घालायची.

बरं, चव तरी मिळते का? पांढरा रस्सा हाडाच्या अळणीवर उभा असतो. हाड, कुर्ची, शिरा मंद आचेवर शिजल्या की त्यांचा चिकटपणा पाण्यात उतरतो. गार झालं की तेच पाणी थिजतं. नुसत्या फोडींनी ते होत नाही. मग मसाला कितीही ओता, रस्सा पाणचटच. कोंबडीच्या छातीला तर चरबी कमी, जरा जास्त शिजली की सुंभ. बोनलेस करायचंच तर त्याच्या रीतीनं करा. धाग्याला आडवं कापा, दह्यात मुरवा, मोठ्या आचेवर झटपट परता आणि उतरवा.

माशाचंही तेच. मरळ सोलायला सोपी. पण रोहू-कटल्याच्या मासात बारीक दुतोंडी काटे रुतलेले असतात. मधला काटा काढला तरी ते राहतातच, बोटानं चाचपूनच काढावे लागतात. आई लेकराला घास चाचपून द्यायची आणि बघता बघता पोर स्वतः शिकायचं. आता शिकवायला सवड नाही, म्हणून मासाच बदलला!

दात पडलेल्या म्हाताऱ्याला, तान्ह्यातून उठलेल्या लेकराला बिनहाडाचं, बिनकाट्याचंच द्यावं. त्यात वाद नाही. पण बत्तीस दातांच्या धडधाकट गड्यानं नळीला भ्यावं?

आपल्यासाठी जीव कापला, तर तो पुरता खावा. फोडी घ्या खुशाल, पण त्यांची हाडंही दुकानातनं मागून आणा आणि चुलीवर अळणी रटरटू द्या.