रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर मराठी वही द्या



हृदयात धातूची झडप बसवलेले, ठोके अनियमित असलेले किंवा पायाच्या शिरेत गुठळी होऊन गेलेले बरेच रुग्ण दरमहा आमच्या दुकानात ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिन घ्यायला येतात. इंग्रजी डिस्चार्ज कार्डावर ‘सोम, बुध, शुक्र 2 मिग्रॅ, इतर दिवशी 3 मिग्रॅ’ असे लिहिलेले असते. घरी मात्र दोन्ही पट्ट्या एकाच डब्यात आणि लक्षात एवढेच, की रोज एक गोळी. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा, म्हणजे आयएनआर, बहुतेकांचा 2 ते 3च्या दरम्यान लागतो. हृदयातल्या माइट्रल झडपेच्या जागी धातूची झडप असेल तर 2.5 ते 3.5. तो घसरला की झडपेवर गुठळी धरते, पक्षाघात होऊ शकतो. चढला की मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव. आपला आकडा किती असायला हवा, हे विचारले तर फार थोड्यांना सांगता येते.

‘पालेभाज्या बंद’ हा सल्ला मात्र सगळ्यांना पाठ असतो. तो अर्धवट आहे. रक्त गोठवणारे घटक यकृत ‘के’ जीवनसत्त्वाच्या मदतीने तयार करते आणि ही गोळी तिथेच अडथळा आणते. म्हणून भाजी सोडायची नाही, तिचे प्रमाण आठवड्यामागून आठवडा सारखे ठेवायचे. चार महिने पाला न शिवलेला माणूस हिवाळ्यात मेथी-पालक स्वस्त झाल्यावर रोज खाऊ लागला, तर आयएनआर खाली येणारच. गुडघेदुखीवर परस्पर घेतलेल्या डायक्लोफिनॅकने रक्तस्रावाची, जुलाबावरच्या मेट्रोनिडाझोलने आयएनआर चढण्याची भीती असते, हेही कुणी सांगत नाही. झडप बसवलेल्या तरुण मुलींना तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटायला सांगितले पाहिजे. पहिल्या तिमाहीत ही औषधे गर्भाला अपायकारक ठरू शकतात.

आता नव्या गोळ्या आल्या, त्यांना आयएनआर लागत नाही, असे कुणी म्हणेल. पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत, आणि वातज्वराने झडपा खराब झालेले रुग्ण बहुधा गरीब घरांतलेच असतात. ओपीडीत वेळ नसतो, हेही मान्य. म्हणून घरी सोडण्याआधी परिचारिकेने हे समजावायला दहा मिनिटे द्यावीत.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेची शस्त्रक्रिया मोफत होते. गरोदर बाईला कार्ड मिळते, तशी या प्रत्येक रुग्णाला मराठी वही देणे योजनेतील रुग्णालयांना बंधनकारक करावे: वारानुसार डोस, आयएनआरची तारीख नि आकडा, चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट न घेण्याची सूचना, आणि शौचाला काळे झाल्यास किंवा डोक्याला मार लागल्यास लगेच कुठे जायचे तो फोन नंबर.

— एक फार्मासिस्ट, जि. सातारा