तिकिटावर न छापलेली किंमत

ऑर्का अर्थात किलर व्हेल हा डॉल्फिनच्या कुळातील महाकाय जलचर. तो कळपाने राहतो आणि मैलोगणती समुद्र पालथा घालतो. १९७० साली अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर पकडलेल्या ‘लोलिटा’ला मात्र मायामीतील एका तलावात अर्धशतकाहून अधिक काळ कोंडून ठेवण्यात आले, २०२३ साली ती तेथेच मेली. प्रेक्षकांनी केवळ तिकिटाचे पैसे मोजले, खरी किंमत तिने मोजली. या खेळांना ‘लोकशिक्षण’ म्हटले जाते. परंतु इशाऱ्यावर उड्या मारणारा कैदी पाहून समुद्रजीवन कसे कळावे? भारताने २०१३ साली डॉल्फिनच्या खेळांची केंद्रे उभारण्यास परवानगी नाकारली, हे उचितच झाले. पुरवठा कायद्याने रोखता येतो; मागणी रोखण्याची जबाबदारी मात्र प्रेक्षकांचीच आहे.