दाजिबाचे गाणे आणि आपल्या दोन वह्या



गेल्या लग्नसराईत वाशीम येथे एका नातलगाकडे संगीताच्या कार्यक्रमास जाण्याचा योग आला. वधूच्या मैत्रिणी ‘ऐका दाजिबा’ या गाण्यावर नाचत होत्या. माझ्या शेजारी बसलेले एक वयोवृद्ध कापड व्यापारी कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “मॅनेजर साहेब, मराठी संगीताचा सत्यानाश झाला तो या गाण्यापासून!” थोड्या वेळाने पाहतो तो त्यांच्याच पायाने ताल धरला होता. मला हसू आले, पण मी काही बोललो नाही. वीसहून अधिक वर्षांपूर्वी हेच वाक्य मी स्वतः उच्चारले होते, आणि त्याची किंमत माझ्या घरात कोणी चुकती केली, हे मला त्याच संध्याकाळी कळायचे होते.

हे गाणे २००२ साली आले. संगीतकार अवधूत गुप्ते, गायिका वैशाली सामंत. चित्रफितीत मिलिंद गुणाजी आणि ईशा कोप्पीकर. चाल लोकसंगीताच्या वळणाची, आणि तिच्याखाली आधुनिक वाद्यमेळाचा ठेका. चित्रपटाचा आधार नसलेले एक मराठी गाणे हिंदी गाण्यांच्या रांगेत जाऊन बसले, हा त्या वेळी सर्वांनाच धक्का होता. तोपर्यंत आपल्या लग्नघरांतील मुली नाचायच्या त्या हिंदी गाण्यांवर. अलिशा चिनॉयचे ‘मेड इन इंडिया’ १९९५ चे, फाल्गुनी पाठकचे ‘याद पिया की आने लगी’ १९९८ चे. मराठी ही मंगलाष्टकांची आणि उखाण्यांची भाषा. नाचायची वेळ आली की ती हळूच बाजूला सरत असे. ते चित्र एका तरुण आवाजाने बदलले. वैशाली सामंत यांच्या प्रभावाचा विचार करताना मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

हा आवाज काही रस्त्यावर सापडलेला नव्हता. ‘दाजिबा’ येण्याच्या आदल्या वर्षी, २००१ मध्ये, ‘लगान’ चित्रपटातील ‘राधा कैसे न जले’ या गीतात आशा भोसले आणि उदित नारायण यांच्यासमवेत वैशाली सामंत यांचाही स्वर आहे. संगीत ए. आर. रहमान यांचे. पुढे २००६ च्या ‘जत्रा’ चित्रपटात आनंद शिंदे यांच्यासह त्यांनी ‘कोंबडी पळाली’ गायले. अजय-अतुल यांची तीच चाल २०१२ मध्ये ‘अग्निपथ’मधून ‘चिकनी चमेली’ होऊन देशभर गाजली. मराठी चाल हिंदीने उचलावी, असा उलटा व्यवहार आपल्या पिढीने क्वचितच पाहिला होता.

आक्षेप मात्र नवे नाहीत. १९५२ मध्ये केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे अभिमानी. चित्रपटगीते अभिरुची बिघडवतात, या मताने त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम असा झाला, की श्रोत्यांनी रेडिओची सुई रेडिओ सिलोनकडे वळवली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारलाच ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. ज्या गाण्यांना तेव्हा थिल्लर म्हटले गेले, तीच आज आपण डोळे मिटून ऐकतो आणि नातवंडांना सांगतो, “याला म्हणतात संगीत!”

मी स्वतः एम.कॉम.चा विद्यार्थी असताना ‘कुर्बानी’ आला. १९८० साल. त्यातील ‘आप जैसा कोई’ हे गीत गाणारी नाझिया हसन अवघी १५ वर्षांची होती. वसतिगृहात आम्ही ते गाणे पाठ केले होते. सुटीत घरी आल्यावर वडिलांसमोर मात्र रेडिओचा आवाज कमी करीत असू. पुढे मी स्वतः वडील झालो, तेव्हा कमी केलेला तो आवाज सोयीस्करपणे विसरलो.

आक्षेपांत काहीच तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. काही गाण्यांचे शब्द घरात उच्चारता येण्यासारखे नसतात. ध्वनिवर्धकाच्या भिंती लावून वृद्धांच्या छातीत धडधड करणे हे संगीत नव्हे. आणि नाचाच्या गाण्याच्या चालीवर बसवलेली स्तवने मला आजही रुचत नाहीत, कारण चाल आपल्याबरोबर आपले जुने चित्र घेऊन येते. मंदिरात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर नको ते नृत्य उभे राहते. पण हे तिन्ही दोष गीत लिहिणाऱ्याचे, वाजवणाऱ्याचे किंवा निवड करणाऱ्याचे आहेत. ते गायिकेच्या खात्यावर नावे टाकणे, हा हिशेब चुकीचा आहे.

सुलोचना चव्हाण यांचे उदाहरण आठवावे. आयुष्यभर लावणी गायल्या, तीही अंगभर पदर घेऊन. आचार्य अत्रे यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. लावणी घरात ऐकू नये असे मानणारी कितीतरी माणसे त्यांच्या तबकड्या मात्र चोरून ऐकत होती.

येथेच मला आपल्या दोन वह्या दिसतात. व्यापारी कुटुंबात कच्ची वही आणि पक्की वही म्हणजे काय, हे मी समजावून सांगण्याची गरज नाही. गाण्याच्या बाबतीत आपली कच्ची वही अशी, की लग्नात नामांकित गायिका बोलवावी, मानधन मोजावे, तिच्याबरोबर छायाचित्र काढावे. पक्क्या वहीत मात्र लिहिलेले असते, की आपल्या घरची मुलगी गाणार नाही. पर्युषणात एखादे स्तवन, हळदीला एखादे गीत, एवढीच तिची मर्यादा.

आता माझी स्वतःची वही उघडतो. २००३ च्या उन्हाळ्यात कारंजा येथे माझ्या भाचीचे लग्न होते. माझी मुलगी तेव्हा १३ वर्षांची, तीन वर्षे पेटीवर गाणे शिकत असलेली. नव्या जावयाची गंमत करायची म्हणून करवल्यांनी तिला पुढे केले, आणि तिने ‘ऐका दाजिबा’ म्हटले. फार सुरेख म्हटले. लोकांनी पुन्हा म्हणावयास लावले. पंगतीत एका वडीलधाऱ्यांनी मला सहज विचारले, “मुलीला हेच शिकवायचे आहे का?” मी त्यांना उत्तर दिले नाही. पुढच्या आठवड्यात मात्र अभ्यासाचे कारण सांगून गाण्याची शिकवणी बंद केली. मुलगी रडली नाही, भांडली नाही. पेटीवर आच्छादन घातले गेले, आणि काही वर्षांनी ती एका नातलगाकडे गेली.

मुलगी आज पुण्यात सनदी लेखापाल आहे. तिचे उत्तम चालले आहे. वाशीमच्या त्या संगीताच्या कार्यक्रमात माझी ९ वर्षांची नात तिच्या हाताला धरून म्हणाली, “आई, तू पण म्हण ना!” मुलगी हसून म्हणाली, “मला नाही येत गं.” मी दोन खुर्च्या सोडून बसलो होतो.

बँकेत ३५ वर्षे मी इतरांच्या चुकीच्या नोंदी शोधल्या. ही नोंद माझ्या हातची होती.

आपल्याच विदर्भातील एक हकिकत येथे सांगावीशी वाटते. हिंगणघाटच्या वैशाली माडे मराठी ‘सारेगमप’ जिंकल्या आणि २००९ मध्ये हिंदी ‘सारेगमप’च्याही विजेत्या ठरल्या. २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’मध्ये ‘पिंगा’ त्यांनी श्रेया घोषाल यांच्यासह गायले. त्याच २००९ साली ‘लिटिल चॅम्प्स’मध्ये आळंदीची कार्तिकी गायकवाड पहिली आली, तेव्हा परीक्षकांच्या खुर्चीत अवधूत गुप्ते यांच्या शेजारी वैशाली सामंत होत्या. ज्यांनी संगीत बुडवले असे आम्ही म्हणत होतो, त्याच लहान मुलांचे सूर निरखत होत्या, आणि महाराष्ट्रातील घराघरांत लोक दुकान लवकर बंद करून ते ऐकत होते. त्यांत मीही होतो.

प्रत्येक मुलगी गायिका होईल असे नाही, होऊही नये. शिकवणी लावल्याने अभ्यास बुडतो, हे मात्र मला कोणत्याही ताळेबंदात आढळलेले नाही. त्या कार्यक्रमानंतर मी मुलीला फोन केला आणि शिकवणी अभ्यासासाठी नव्हे, लोकांच्या बोलण्याला भिऊन बंद केली होती, हे सांगितले. ती क्षणभर थांबून म्हणाली, “बाबा, ते मला तेव्हाच कळलं होतं.” नातीच्या शिकवणीचे शुल्क आता मी भरतो. मुलीलाही तिच्यासोबत बसण्यास सांगितले आहे. ती बसेल की नाही, हे तिच्यावर.

आपल्या घरात एखादी मुलगी गुणगुणत असेल, तर येत्या लग्नसराईत मंडप, आचारी आणि रोषणाई यांच्या खर्चाच्या यादीत तिच्या शिकवणीची एक ओळ घालावी. ही रक्कम फार मोठी नसते. मी ती वाचवली होती. त्या बचतीवर मला आजवर काहीही व्याज मिळालेले नाही.